रात्री, खराब हवेत छोटं विमान पडतं तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा होता: छोटं प्रायव्हेट विमान, रात्रीची वेळ, पाऊस आणि खाली आलेले ढग, पायलटला बऱ्यापैकी अनुभव, विमानाचा मेंटेनन्स व्यवस्थित, तरी रडारवरून अचानक गायब. मेडे कॉल, म्हणजे रेडिओवरून संकटाची हाक, नाही. खालच्या लोकांनी सांगितलं की इंजिनचा आवाज भयंकर वाढत गेला आणि मग धडाम. मग इंजिन बिघडलं का, वीज पडली का, आणि अनुभवी माणसाला शेवटपर्यंत कळलं कसं नाही? शिवाय प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच लवकर एका ओळखीच्या माणसाच्या चार सीटर विमानातून जायचंय, म्हणून जास्त काळजी.

मी छोटी विमानं उडवायला शिकवतो, त्यातही इन्स्ट्रुमेंट ट्रेनिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना फक्त डायल बघून उडवायचं, हेच जास्त. म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

कुठल्याही एका अपघाताचं कारण तपास व्हायच्या आधी सांगू नये, मीही सांगणार नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते ऐकून कुठलाही इन्स्ट्रक्टर आधी इंजिनकडे बोट दाखवणार नाही. इंजिन बंद पडलं तर आवाज कमी होतो हो, वाढत नाही. आणि बंद इंजिनचं छोटं विमान लगेच कोसळत पण नाही, ते ग्लाइड करतं, मिनिटाला साधारण सातशे-आठशे फूट उतरत राहतं, म्हणजे पाच हजार फुटांवर असाल तर हातात सहा-सात मिनिटं असतात, त्यात माणूस रेडिओवर चार वाक्यं सहज बोलतो. आवाज वाढत वाढत गेला याचा अर्थ बहुतेक वेळा इंजिन छान चालू होतं आणि विमान प्रचंड स्पीडने खाली येत होतं, पॉवर तशीच, वरून हवेच्या जोराने प्रोपेलर आणखी फिरायला बघतो, तो किंचाळल्यासारखा आवाज तिथून येतो. विजेचं म्हणाल तर वीज पडून छोटं विमान पडणं फारच क्वचित. वादळी ढगाच्या आतले हवेचे झोत विमान मोडू शकतात, वीज बिचारी उगाच बदनाम आहे.

मग काय होतं? पायलटला आपण खाली चाललोय हे जाणवत नाही. अख्ख्या उत्तरातली हीच मुख्य गोष्ट आहे आणि लोकांना हीच पटत नाही. "अहो विमान तिरकं झालं तर अंगाला कळेल ना?" नाही कळत. खरंच नाही.

आपल्या कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पातळ द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव जरा मागे राहतो, त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळतोय. पाण्याचा ग्लास हातात धरून हळूच गोल फिरवा, आधी ग्लास फिरतो आणि पाणी जागेवर राहतं, पण फिरवतच राहिलात तर थोड्या वेळाने पाणीही ग्लासबरोबर फिरायला लागतं. कानात तेच. वळण दहा-वीस सेकंद एकसारखं चालू राहिलं की द्रव नळीच्या बरोबरीला येतो आणि मेंदूला निरोप जातो, सगळं सरळ आहे. दुसरं म्हणजे वळण अगदी हळू सुरू झालं, सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा कमी, तर कानाला सुरुवातच कळत नाही. दिवसा याने काही बिघडत नाही कारण डोळ्याला क्षितिज दिसतं आणि डोळा कानावर मात करतो. रात्री ढगात, किंवा काळ्या समुद्रावर, डोळ्याला काही मिळतच नाही. मग कान राजा.

मी नवीन विद्यार्थ्याला हे करूनच दाखवतो. छान उजेडात, भरपूर उंचीवर, त्याला सांगतो डोळे मीट, हनुवटी छातीला लाव. मग मी विमान अगदी हळू हळू डावीकडे कलवतो आणि विचारतो आता आपण कसे आहोत. "सरळ." बरं. मग मी विमान हळूच सरळ करतो आणि परत विचारतो. "उजवीकडे वळतोय," एकदम कॉन्फिडन्सने. उघड डोळे! तेव्हा जो चेहरा होतो ना तो बघण्यासारखा असतो. पुस्तकात पन्नास वेळा वाचून जे डोक्यात शिरत नाही ते त्या अर्ध्या मिनिटात शिरतं.

आता हेच रात्री ढगात घडतंय असं समजा. पायलट नकाशा बघायला किंवा रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला खाली वाकला, तेवढ्यात एक पंख थोडासा खाली गेला. जाणवलं नाही. पंख कलला की नाक आपोआप खाली जायला लागतं, स्पीड वाढतो, उंची कमी व्हायला लागते. पायलटचं लक्ष गेलं, अरे उंची का कमी होतेय? अंग सांगतंय पंख सरळ आहेत, म्हणजे फक्त नाक खाली आहे, म्हणून तो योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, मागे ओढतो. पण विमान कललेलं आहे, त्यामुळे मागे ओढल्याने नाक वर येत नाही, वळण आणखी आवळतं. स्पीड आणखी वाढतो, अंग सीटमध्ये दाबलं जातं, हा दाब परत खोटं सांगतो की आपण वर चाललोय. तो आणखी जोरात ओढतो. आमच्याकडे याला ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात, म्हणजे थेट स्मशानात नेणारं गोल गोल वळण. यातून बाहेर यायची पद्धत उलटी आहे, आधी पॉवर कमी करा, मग पंख सरळ करा, आणि मग हलक्या हाताने नाक वर. पण पंख सरळ करायला गेलं की कान ओरडतो की तू आता उलट्या बाजूला वळतोयस, आणि माणूस परत आधीच्या वळणात जातो. शेवटी एकतर विमान जमिनीला लागतं नाहीतर त्याआधी हवेतच तुटतं.

किती वेळ लागतो याला? १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत एक प्रयोग झाला होता, इन्स्ट्रुमेंटचं ट्रेनिंग नसलेल्या वीस जणांना बोनान्झा विमानात बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय करून उडवायला लावलं, सोबत सेफ्टी पायलट अर्थातच. वीसच्या वीस जणांचा कंट्रोल गेला. एकोणीस जण स्पायरलमध्ये, एकाने नाक इतकं वर नेलं की स्टॉल झाला, म्हणजे पंखांनी विमान उचलून धरणंच बंद केलं. सगळ्यात लवकर २० सेकंद, सगळ्यात उशिरा ४८० सेकंद, सरासरी १७८. हा १७८ चा आकडा जगभरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये सांगतात, भीती घालायला. पण त्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग फार कमी लोक सांगतात आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो: त्याच लोकांना नंतर एक साधी ठरलेली पद्धत शिकवली, ढगात शिरलात तर विमान कसं शांतपणे मागे वळवून बाहेर यायचं, आणि मग जवळजवळ प्रत्येक वेळी त्यांनी ते नीट करून दाखवलं. म्हणजे हे काही नशिबावर सोडलेलं प्रकरण नाही, शिकता येतं.

आता "पण तो अनुभवी होता" या मुद्द्याकडे. कसला अनुभव, हे विचारायला पाहिजे. तासांचा आकडा फसवा असतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन एफ. केनेडी ज्युनियर, त्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं पण तपशील बहुतेकांना माहीत नसतात. १६ जुलै १९९९, पायपर साराटोगा, न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे, सोबत बायको आणि मेव्हणी, दुसऱ्या दिवशी घरातलं लग्न. निघायला उशीर झाला, टेकऑफ रात्री साडेआठच्या पुढे, सूर्य मावळलेला. त्यांच्याकडे सुमारे ३१० तास होते, पण रात्रीचे त्यातले ५५ च्या आसपास, आणि या विमानावरचे फक्त ३६ वगैरे, त्यातले बरेचसे इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असताना. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त डायल बघून उडवायची परवानगी, नव्हतं, कोर्स अर्धवट झालेला. एका इन्स्ट्रक्टरने सोबत येतो म्हणून सांगितलेलं, ते म्हणाले एकट्याने करायचंय.

आणि गंमत बघा, हवामान कायद्याने अगदी ठीक होतं. पाऊस नाही, वादळ नाही, फक्त धूसर. त्या रात्री तिथे उडणाऱ्या दुसऱ्या एका पायलटने तपासात सांगितलं की खाली बघितलं तर बेटावरचे दिवे दिसेनात, त्याला वाटलं बेटावरची लाइट गेली की काय! समुद्र काळा, आकाश काळं, मधे धूसर, क्षितिज नावाची गोष्टच नाही. ५५०० फुटांवरून उतरताना रडारवर त्यांचं विमान वळतं, थोडं वर चढतं, परत वळतं, आणि शेवटी मिनिटाला ४७०० फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली. एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, कारण लिहिलं, रात्री पाण्यावर उतरताना दिशाभ्रमामुळे कंट्रोल गेला, आणि धूसर हवा व अंधारी रात्र हे हातभार लावणारे घटक. इंजिन चालू होतं, विमानात ऑटोपायलट बसवलेला होता. मेडे नाही.

मेडे का नाही हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. माणूस मेडे तेव्हा देतो जेव्हा त्याला कळतं आपण संकटात आहोत. इथे कळेपर्यंत शेवटची काही सेकंदं राहतात आणि तेव्हा दोन्ही हात योकवर असतात. आणि आम्ही शिकवतोही तसंच, आधी विमान उडव, मग कुठे चाललोय ते बघ, मग बोल. त्यामुळे मेडे आला नाही यावरून बॉम्ब, कट, रेडिओ बंद असले तर्क काढू नका.

रात्रीच्या आणखी दोन फसवणुकी सांगतो, कारण सगळं ढगातच घडतं असं नाही. पहिली टेकऑफनंतर लगेच. विमान जोरात पुढे धावतं तेव्हा आपण सीटला मागे दाबले जातो, आणि अंधारात मेंदूला हे मागे दाबलं जाणं आणि नाक वर उचललं जाणं यातला फरक कळत नाही. पायलटला वाटतं नाक फारच वर चाललंय, तो पुढे ढकलतो, आणि चांगलं चालणारं विमान रनवे संपल्यावर थोड्याच अंतरावर जमिनीत जातं. तीन तरुण गायकांना घेऊन निघालेलं बोनान्झा ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात पडलं, त्यात बडी हॉली होता, तेही मध्यरात्रीनंतर टेकऑफ करून काही मिनिटांत पडलं, नेमकी हीच फसवणूक होती असं नाही, पण अंधार तोच. ज्याच्या कंपनीचं विमान होतं तो खालून बघत होता, त्याला शेपटीचा दिवा हळूहळू खाली जाताना दिसला आणि मग दिसेनासा झाला. पायलट २१ वर्षांचा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, हवामानाचे दोन इशारे त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत, आणि त्यावर कडी म्हणजे विमान कसं कललंय ते दाखवणारा डायल म्हणजे आर्टिफिशियल होरायझन, आत फिरतं चाक म्हणजे जायरो असतो त्याच्या, आणि या विमानातला जायरोचा डायल नाक वर-खाली दाखवायचा ते नेहमीच्या होरायझनच्या उलट! आधीच अंधार, बर्फ पडतोय, आणि एकच भरवशाचं यंत्र ते पण सवयीच्या उलटं वाचायचं. विमान पडलं ते शेत जवळच होतं, एअरपोर्टपासून आठ-नऊ किलोमीटरच्या आत, तरी अवशेष सापडायला सकाळ उजाडली.

दुसरी फसवणूक उतरताना. आजूबाजूला काळं पाणी किंवा जंगल, आणि समोर फक्त रनवेचे दिवे. डोळ्याला तुलना करायला मधे काहीच नसतं म्हणून वाटतं आपण फार उंच आहोत, माणूस खाली खाली येत राहतो आणि रनवेच्या आधीच टेकडीला किंवा झाडांना लागतो. यावर उपाय साधा आहे, रनवेच्या बाजूला चार दिव्यांची पट्टी असते, पापी म्हणतात तिला, दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर, चारही लाल म्हणजे ताबडतोब वर. डोळ्याला काय वाटतंय ते बाजूला ठेवायचं. एक जुनी युक्तीपण सांगतो, लांबच्या गावाचे दिवे दिसत असताना मधेच खालून गायब व्हायला लागले तर तुमच्या आणि त्या गावाच्या मधे काहीतरी आलंय. डोंगर असेल किंवा ढग असेल. दोन्हीत शिरायचं नसतं.

ग्रॅहम हिल, फॉर्म्युला वनचा दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, २९ नोव्हेंबर १९७५ ला फ्रान्समधून टेस्टिंग आटपून टीममधल्या लोकांसोबत लंडनजवळच्या एल्स्ट्रीला येत होता, विमान स्वतः उडवत होता. रात्र आणि दाट धुकं. एअरफील्डच्या आधीच आर्कलीच्या गोल्फ कोर्सवर झाडांना लागून विमान पडलं, सहाच्या सहा जण गेले. नंतर कळलं की अशा हवेत उडवायला लागणाऱ्या रेटिंगची मुदत संपलेली, विमानाच्या रजिस्ट्रेशनचा घोळ, त्यामुळे इन्शुरन्स पण गेला, आणि मागे राहिलेल्यांना कोर्टकचेऱ्या. ताशी तीनशेच्या स्पीडने गाडी चालवणारा माणूस, नर्व्ह कमी असायचा प्रश्नच नाही. धुक्याला नर्व्हशी काही देणंघेणं नाही.

धुक्याबद्दल एक गोष्ट जी नवीन पायलट कायम विसरतात: संध्याकाळी निघताना आकाश स्वच्छ असतं, पण तापमान आणि दवबिंदू यातला फरक दोन-तीन अंशांवर आला असेल आणि वारा पडला असेल तर रात्री जमीन थंड होता होता बघता बघता धुकं बसतं. आणि एअरपोर्टचा फोरकास्ट हा फक्त त्या एअरपोर्टच्या आसपासच्या काही किलोमीटरचा असतो. मधल्या दोनशे किलोमीटरवर काय आहे ते त्यात नसतं. दिवसा समोरचा ढग दिसतो म्हणून वळता येतं, रात्री ढग दिसत नाही, आत गेल्यावर कळतं, पंखाच्या टोकावरच्या दिव्याभोवती लाल-हिरवं धुरकट वलय दिसायला लागतं तेव्हा.

यंत्र बिघडतच नाही असं मी म्हणत नाहीये. जुन्या विमानांत आर्टिफिशियल होरायझन व्हॅक्यूम पंपावर चालतो, पंप गेला की आतला जायरो एकदम थांबत नाही, हळूहळू मंदावतो आणि हळूहळू चुकीचं दाखवायला लागतो, आणि पायलट भक्तिभावाने त्याच्यामागे जातो. म्हणून एकच डायल बघायचा नाही, सगळ्यांची एकमेकांशी पडताळणी करत राहायची. पंखांवर बर्फ जमणं हे वेगळंच प्रकरण, बहुतेक छोट्या विमानांना बर्फात उडायची परवानगीच नसते. आणि कार्बन मोनॉक्साइड.

यावर जरा थांबतो. २१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला नाँतहून कार्डिफला निघाला, पायपर मालिबू, एक इंजिन. रात्री गर्न्सी बेटाच्या उत्तरेला विमान गायब. ब्रिटिश तपास संस्थेचा रिपोर्ट वाचला की एकावर एक किती गोष्टी चढल्या होत्या ते दिसतं. पायलटकडे रात्री उडवायचं रेटिंग नव्हतं. पैसे घेऊन प्रवासी न्यायचं लायसन्स नव्हतं. ढगांच्या मधून वाट काढायला तो कधी खाली ये, कधी वळ असं हाताने करत होता. आणि सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ५८ टक्के निघालं, म्हणजे एक्झॉस्टचा गॅस केबिनमध्ये येत होता आणि पायलटवरही बहुतेक त्याचा परिणाम झालेला होता. शेवटी वळणात कंट्रोल गेला, विमानाचा स्पीड ते झेलू शकेल त्याच्या पलीकडे गेला आणि ते हवेतच तुटलं. आवाज करून सावध करणारा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर विमानात नव्हता. ही खिशात मावणारी वस्तू आहे. ज्याने हे फ्लाइट जुळवून दिलं त्याला पुढे २०२१ मध्ये कोर्टाने १८ महिन्यांची शिक्षा सुनावली.

तर हे सगळे अपघात बघितले की एक गोष्ट माझ्या डोक्यात राहते. यातला कुणीही कुणाचा जीव वाचवायला निघाला नव्हता. लग्नाला जायचं, घरी परतायचं, नव्या टीमच्या प्रॅक्टिसला पोचायचं, गाणाऱ्या पोरांना तर टूरच्या बसमधला हीटर चालत नव्हता म्हणून लवकर पोचून जरा झोप काढायची आणि कपडे धुवायचे होते. सगळी कारणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबली असती. आणि निर्णय हवेत होत नाही, तो पार्किंगमध्ये होतो, माणसं सामान घेऊन उभी असतात, उशीर झालेला असतो, "काय मग, निघायचं ना?" असं कुणीतरी विचारतं. त्या वेळी नाही म्हणणं हे ढगातून विमान काढण्यापेक्षा अवघड आहे असं मी विद्यार्थ्यांना सांगतो आणि ते हसतात.

ढगात शिरल्यावरही मार्ग असतो, तो सांगतो. आत शिरलो हे कळलं की बाहेर बघणं बंद. डोळे होरायझनवर. पंख सरळ. ऑटोपायलट असेल तर लाव, लाज कसली त्यात, हल्लीच्या बऱ्याच ऑटोपायलटवर एक लेव्हलचं बटण असतं, दाबलं की विमान स्वतःहून सरळ होतं. मग जिथून आलो तिकडे हलक्या वळणाने मागे, सेकंदाला तीन अंश, म्हणजे पूर्ण मागे फिरायला एक मिनिट, ते एक मिनिट फार लांब वाटतं पण घाई करायची नाही. आसपास डोंगर असतील तर आधी उंची. आणि मग रेडिओवर स्वच्छ शब्दांत सांगायचं की मी ढगात आहे, मला इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, मदत करा. इथे लोक गप्प बसतात, लायसन्सवर येईल, कागद भरावे लागतील म्हणून. कंट्रोलर रडारवरून तुम्हाला मोकळ्या हवेत नेऊ शकतो, इतर ट्रॅफिक बाजूला करू शकतो, पण तुम्ही तोंड उघडल्याशिवाय त्याला कसं कळणार? सिरस विमानांना अख्ख्या विमानाचा पॅराशूट असतो, तोही वेळेत ओढला तरच. काही नवीन विमानांत तर बटण दाबलं की विमान स्वतः जवळचा एअरपोर्ट शोधून उतरतं, गार्मिनच्या या सिस्टिमला २०२० मध्ये सर्टिफिकेट मिळालं. पण तुमच्या ओळखीच्या माणसाचं विमान तीस-चाळीस वर्षं जुनं असायचीच शक्यता जास्त.

तपासाबद्दल पण विचारलं होतं, की ब्लॅक बॉक्स नसताना काय कळणार. छोट्या विमानांत सहसा ब्लॅक बॉक्स नसतोच, तरी बरंच कळतं. रडार आणि एडीएस-बीचा (विमान स्वतःची जागा रेडिओवरून सतत सांगत राहतं ती सोय) माग असतो, टॅब्लेट, फोन, जीपीएसच्या मेमरीतून शेवटचे सेकंद निघतात. प्रोपेलरची पाती कशी वाकलीत, त्यावर ओरखडे कसे आहेत यावरून इंजिनला पॉवर होती का ते कळतं. जायरोच्या आतल्या चाकावर घासल्याच्या खुणा असतील तर आदळताना तो फिरत होता. बल्बची तार ताणली गेली असेल तर तो दिवा तेव्हा चालू होता. अवशेष एका खड्ड्यात आहेत की कित्येक किलोमीटर पसरलेत, यावरून विमान अख्खं आलं की हवेत तुटलं ते ठरतं. प्राथमिक अहवाल आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे साधारण ३० दिवसांत येतो, त्यात कारण नसतं, फक्त काय काय सापडलं ते असतं. अंतिम रिपोर्टला वर्ष किंवा जास्त. तोपर्यंत टीव्हीवरचे तज्ज्ञ ऐकू नका, मला धरून.

आता तुमच्या प्रवासाचं. दिवसा, चांगल्या हवेत जाणार असाल तर मी तुम्हाला घाबरवणार नाही, मजा येते, जा. रात्र किंवा ढग असतील तर निघायच्या आधी त्याला सरळ विचारा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे का, आणि असेल तर शेवटचं खऱ्या ढगात कधी उडवलं. रेटिंग कागदावर असणं आणि हात चालू असणं वेगळं, अमेरिकेच्या नियमात म्हणूनच गेल्या ६ महिन्यांत ६ इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच, म्हणजे डायल बघत रनवेकडे उतरत येणं, केलेले लागतात, आणि रात्री प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत रात्रीचे ३ टेकऑफ आणि ३ पूर्ण थांबलेली लँडिंग्ज. हे किमान आहे हं, भरपूर नाही. विचारा की तिकडे उतरता आलं नाही तर कुठे उतरणार आणि तिथपर्यंत पुरून वर शिल्लक राहील एवढं फ्युएल आहे का. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आहे का. तुम्ही पैसे देणार असाल तर त्याच्याकडे पैसे घेऊन नेण्याचं लायसन्स आहे का, नुसतं प्रायव्हेट लायसन्स असेल तर भाडं घेता येत नाही, आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हेच आधी बघतात. चांगला पायलट या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होऊन अर्धा तास बोलत बसतो. चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आणि आदल्या दिवशीच त्याला सांगून ठेवा की मला दुसऱ्या दिवशी पोचलं तरी चालतं, परतीचं ट्रेनचं किंवा बसचं तिकीट मी काढून ठेवलंय. खरोखर काढा, नुसतं बोलू नका.